दोन धातूंच्या मधली जागा

बैठक

जिथे असाल तिथे निवांत बसा. आजच्या मननाचा विषय अगदी लहान आहे: हायड्रोजनचा एक अणू आणि त्याला दोन बाजूंनी धरणारे दोन वेगळे धातू. एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोह. ज्या रेणूंमध्ये वेगवेगळ्या धातूंचे मोजके अणू आणि त्यांना बांधलेला हायड्रोजन असतो, त्यांना मिश्र धातूंची हायड्राइड संकुलं म्हणतात. पितळ किंवा पोलाद मनात आणू नका. तिथे अणूंची गणती नसते. इथे सगळा कारभार दोन, तीन, चार अणूंचा आहे. त्या अणूंच्या मधे जी जागा आहे, तिच्यापाशी आपल्याला काही वेळ थांबायचं आहे.

एक श्वास आत घ्या. साध्या श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा आत येते. त्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन भरपूर. हायड्रोजन मात्र वीस लाख रेणूंमागे साधारण एक. तरीही या एका श्वासातल्या हायड्रोजनच्या रेणूंची संख्या सहा हजार लाख कोटींच्या घरात जाते. आता श्वास सोडा. ते रेणू जसे आले तसेच बाहेर गेले. हायड्रोजनमध्ये ऊर्जा आहे, पण तो रेणू उघडण्याचं साधन आपल्या पेशींकडे नाही. मातीतल्या कितीतरी जिवाणूंकडे ते आहे. त्यांना जमतं आणि आपल्याला जमत नाही, असं ते काय आहे? हा प्रश्न उत्तराची घाई न करता सोबत राहू द्या.

बंध

आता त्यातल्या एका रेणूकडे लक्ष न्या. हायड्रोजनचे दोन अणू. प्रत्येकाच्या केंद्रकात एक प्रोटॉन, आणि दोघांत मिळून दोन इलेक्ट्रॉन. दोन केंद्रकांमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग. एवढं अंतर डोळ्यांसमोर उभं राहणार नाही, आणि त्याचा अट्टहासही नको. एवढंच मनाशी धरा: दोन प्रोटॉन एकमेकांना दूर लोटत असतात, आणि मधले दोन इलेक्ट्रॉन त्या दोघांनाही आत ओढून ठेवत असतात.

रचना साधी आहे आणि विलक्षण चिवट आहे. अवघा दोन ग्रॅम हायड्रोजन सुट्या अणूंत फोडायचा तर ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. नुसत्या उष्णतेनं हे करू म्हटलं, तर ३,००० केल्विन तापमानालाही बहुतेक रेणू अखंडच राहतात. लोखंड त्याच्या कितीतरी आधी वितळलेलं असतं.

हा बंध तुटण्याच्या दोन वाटा आहेत. दोन्ही सावकाश पाहा.

पहिल्या वाटेत वाटणी सारखी होते. दोन अणू दूर जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक इलेक्ट्रॉन येतो. दुसऱ्या वाटेत वाटणी विषम होते. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूकडे जातात. तो ऋण होतो, त्याला हायड्राइड म्हणतात. दुसरा उघडा पडतो, नुसता प्रोटॉन उरतो. एकट्या रेणूसाठी ही दुसरी वाट पहिलीपेक्षा जवळजवळ चौपट महाग आहे, कारण धन आणि ऋण तुकड्यांना एकमेकांपासून ओढून वेगळं करावं लागतं.

पण एक अट बदलून पाहा. समजा हायड्राइडला घेणारं कुणी शेजारी आहे, आणि प्रोटॉनला घेणारंही कुणी शेजारी आहे. मग तुकडे मोकळे भटकतच नाहीत. सुटता सुटता त्यांना जागा मिळते. सगळ्यांत महाग वाट सगळ्यांत सोपी होऊन बसते. साध्या तापमानाला, साध्या दाबाला, पाण्यात.

इथे थोडं थांबा. रेणू तोच, बंध तोच, त्याची ताकदही तीच. बदलला तो शेजार. उत्प्रेरणाचं मर्म याच एका बदलात आहे, आणि पुढचं सगळं मनन त्याचाच विस्तार आहे.

स्पर्श

धातू हायड्रोजनला नेमका कसा धरतो? दीर्घकाळ समज असा होता की धातूजवळ आल्यावर हायड्रोजनचा रेणू एक तर तुटतो किंवा निघून जातो. मधली अवस्था टिकत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतून ग्रेगरी क्युबस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मधली अवस्था दाखवली. टंगस्टनचं एक जांभळं संयुग हायड्रोजन लागताच पिवळं होत होतं, आणि हायड्रोजन ओढून घेतला की पुन्हा जांभळं होत होतं. पिवळ्या रूपात टंगस्टनच्या कुशीला हायड्रोजनचा अख्खा रेणू आडवा टेकलेला होता. दोन हायड्रोजनमधलं अंतर ०.७४ वरून ०.८२ अँगस्ट्रॉमवर गेलं होतं. रेणू ताणला गेला होता, पण मोडला नव्हता.

हा ताण येतो कुठून? धातूच्या एका रिकाम्या कक्षेत रेणूची इलेक्ट्रॉनांची जोडी झुकते. त्याच वेळी धातू आपले काही इलेक्ट्रॉन रेणूच्या अशा कक्षेत सोडतो, जिथे ते शिरले की बंध सैल पडतो. म्हणजे धातू घेतोही आणि देतोही. घेणं-देणं थोडं असेल तर रेणू नुसता टेकतो. देणं वाढलं तर रेणू दुभंगतो आणि दोन हायड्राइड धातूला चिकटतात. या दोन टोकांच्या मधे अवस्थांची अखंड रांग आहे. टेकणं, ताणणं, तुटणं या तीन वेगळ्या घटना नसून एकाच उताराच्या पायऱ्या आहेत.

आणि धातूला बांधलेला हायड्रोजन पुढे कसा वागेल, हे अजून ठरलेलं नसतं. तो प्रोटॉन होऊन जाऊ शकतो, दोन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्राइड म्हणून जाऊ शकतो, किंवा एक इलेक्ट्रॉन घेऊन नुसता अणू म्हणूनही. कोबाल्ट आणि कार्बन मोनॉक्साइड यांचं एक हायड्राइड पाण्यात चक्क तीव्र आम्लासारखं वागतं, प्रोटॉन सोडून देतं. त्याची चाल धातूवर अवलंबून असते, धातूच्या शेजाऱ्यांवर असते, आणि समोर घेणारा कोण उभा आहे त्यावरही असते.

न दिसणं

आता काळात थोडं मागे जाऊ. साल १९३१.

त्या वर्षी जर्मनीत वाल्टर हीबर यांनी लोह, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं एक संयुग जाहीर केलं. संक्रमण धातूला थेट हायड्रोजन बांधलेल्या संयुगांच्या इतिहासात ते पहिलं मानलं जातं. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मार्जरी स्टीफन्सन आणि लिओनार्ड स्टिकलंड यांनी दाखवलं, की काही जिवाणू हायड्रोजन वायू वापरून मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्याचा रंग घालवू शकतात. जिवाणूच्या आत हायड्रोजनला उघडणारं काहीतरी आहे, हे त्यावरून कळलं. त्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, त्यांनी हायड्रोजनेज हे नाव दिलं. स्टीफन्सन पुढे १९४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीवर निवडून आलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक झाल्या.

दोन देश, दोन शास्त्रं. एकीकडे धातू आणि हायड्रोजन होता, पण जीव नव्हता. दुसरीकडे जीव आणि हायड्रोजन होता, पण धातूचा पत्ता नव्हता. बऱ्याच हायड्रोजनेजमध्ये निकेल असतं हे ध्यानात यायला १९८० च्या सुमाराचा काळ उजाडला.

हीबर यांच्यापुढे अडचण वेगळीच होती. हायड्रोजन संयुगात आहे हे नक्की, पण नेमका कुठे आहे? क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरतात. लोहाकडे २६ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनकडे एक. जड धातूच्या तेजापुढे हायड्रोजन दिसेनासा होतो. तो कार्बन मोनॉक्साइडच्या आड आहे की धातूच्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात बुडालेला आहे, यावर तीसेक वर्षं मतभेद राहिले. मार्ग निघाला न्यूट्रॉनांमुळे. न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांकडे न पाहता केंद्रकांवरून विखुरतो, आणि त्याला हायड्रोजन चांगला ओळखू येतो. १९६४ मध्ये रेनियमच्या एका संयुगात एकाच धातूभोवती नऊ हायड्रोजन आपापल्या जागी उभे असलेले न्यूट्रॉनांनी दाखवले. हायड्रोजन धातूला स्वतःच्या बंधानं बांधलेला असतो, त्याची जागा ठरलेली असते, याबद्दल मग शंका उरली नाही. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांमधून निघालेल्या न्यूट्रॉनांनीही स्फटिकांतल्या हायड्रोजनचा शोध घेतला. राजगोपाल चिदंबरम आणि त्यांचे सहकारी अशाच मार्गानं हायड्रोजन बंधांचा अभ्यास करत होते.

क्षणभर या तीस वर्षांवर मन ठेवा. हायड्रोजन सगळा वेळ तिथेच होता. प्रश्न त्याच्या असण्याचा कधीच नव्हता; त्याला ओळखेल असा प्रकाश आपल्याकडे नव्हता. जे दिसत नाही ते मोजण्याआधी, कशानं पाहतो आहोत हे तपासावं लागतं. रसायनशास्त्रानं ही शिस्त हायड्रोजनमुळे फार कष्टानं अंगी बाणवली आहे.

पूल

आता आपण त्या जागेपाशी येतो.

१९९५ मध्ये ग्रनोबलच्या संशोधकांनी एका जिवाणूच्या हायड्रोजनेजची रचना प्रसिद्ध केली. प्रथिन मोठं आहे, हायड्रोजनच्या अणूच्या तुलनेत सुमारे नव्वद हजार पट जड. त्याच्या आत, पृष्ठभागापासून खोल, निकेलचा एक अणू आणि लोहाचा एक अणू शेजारी शेजारी बसलेले. बाहेरून तिथवर यायला अरुंद मार्ग आहेत, ज्यांतून वायूचे लहान रेणू सरकत आत येतात.

निकेलभोवती गंधकाचे चार अणू आहेत. त्यातले दोन फक्त निकेलचे. उरलेले दोन निकेल आणि लोह या दोघांनाही जोडतात. लोहाच्या दुसऱ्या बाजूला एक कार्बन मोनॉक्साइड आणि दोन सायनाइड. पुन्हा वाचा: कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड. आपला श्वास थांबवणारी ही दोन विषं जिवाणू स्वतः तयार करतो आणि जपून लोहावर बसवतो. बाहेरून कार्बन मोनॉक्साइड आला तर याच विकराचं काम अडतं. आत, नेमक्या जागी बसवलेला तोच रेणू लोहाला त्या कामासाठी तयार करतो. पदार्थ एकच, जागेनं त्याचा अर्थ बदलतो.

आता हायड्रोजनचा रेणू त्या मार्गानं आत येऊ द्या. तो धातूंपाशी पोचतो, टेकतो, ताणला जातो. मग बंध विषम वाटणीनं तुटतो. प्रोटॉन निकेलवरच्या एका गंधकाकडे जातो. हायड्राइड निकेल आणि लोह यांच्या मधे येऊन थांबतो. २०१५ मध्ये जर्मनीतल्या म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत हिदेआकी ओगाता, कोजी निशिकावा आणि वोल्फगांग लुबिट्झ यांनी हे दृश्य क्ष-किरणांनीच टिपलं. स्फटिक इतका निर्दोष होता की ०.८९ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील हाती आला, आणि ज्या किरणांना हायड्रोजन सहसा दिसत नाही त्यांनाही तो दिसला. निकेलपासून १.५८ अँगस्ट्रॉम, लोहापासून १.७८. दोघांनाही बांधलेला, निकेलकडे किंचित झुकलेला. त्या गंधकावरचा प्रोटॉनही सापडला. १९३१ पासून वेगवेगळ्या वाहणाऱ्या दोन धारा या एका चित्रात एकत्र आल्या.

या चित्रावर थांबा. हायड्राइड कुणाचा? निकेलचा म्हणावा तर लोहाशी बंध आहे. लोहाचा म्हणावा तर निकेल अधिक जवळ. बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर देताना एक क्षण असा येतो, की देणाऱ्यानं अजून सोडलेलं नसतं आणि घेणाऱ्यानं धरलेलं असतं. बाळ त्या क्षणी चार हातांवर असतं, आणि म्हणूनच पडत नाही. दोन धातूंमधला हायड्राइड त्या क्षणात असतो.

मग काय होतं? हायड्राइडचे दोन इलेक्ट्रॉन एकेक करून निघतात आणि लोह-गंधकाच्या तीन गुच्छांवरून पायरी पायरीनं प्रथिनाच्या बाहेर पोचतात. हायड्राइड प्रोटॉन होऊन निघून जातो. निकेल आणि लोह यांच्या मधली जागा पुन्हा रिकामी होते. एका सेकंदात ही फेरी शेकडो वेळा होऊ शकते.

या फेरीत दोन धातूंची वागणूक सारखी नाही. निकेलची अवस्था बदलत राहते; ते इलेक्ट्रॉन घेतं, देतं, पुन्हा घेतं. लोह मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच अवस्थेत राहतं. वरवर पाहता वाटेल की काम निकेल करतं आणि लोह नुसतं उभं आहे. पण हायड्राइडला दुसऱ्या बाजूनं आधार देणारं, आपल्या कार्बन मोनॉक्साइड-सायनाइडसह न डगमगणारं ते लोह काढून घेतलं, तर निकेलच्या बदलण्याला टेकायला जागाच उरत नाही. बदलणारा आणि न बदलणारा, दोघंही त्या फेरीचे सारखेच भाग आहेत.

जोडीदार

निसर्गानं केलं ते माणसाला प्रयोगशाळेत करता येईल का? इथे मनन थोडं पसरू द्या, कारण जोड्या अनेक तऱ्हांच्या आहेत.

१९७८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत पीटर फोर्ड आणि त्यांचे सहकारी कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी यांपासून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळवण्याच्या अभिक्रियेवर काम करत होते. लोहाची कार्बोनिल संयुगं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड बांधलेली संयुगं, आणि रुथेनियमची कार्बोनिल संयुगं त्यांनी एकाच द्रावणात घातली. दोघांचं मिश्रण कोणत्याही एकट्यापेक्षा अधिक जोमानं काम करू लागलं. लोहाचा एक आणि रुथेनियमचे तीन अणू असलेली हायड्राइड संकुलं अशा मिश्रणांत आढळतात.

जपानमध्ये क्युशू विद्यापीठाच्या सेइजी ओगो यांच्या गटानं २००७ मध्ये निकेल आणि रुथेनियम यांची जोडी बांधली. पाण्यात, साध्या तापमानाला, तिनं हायड्रोजनचा रेणू विषम वाटणीनं फोडला. हायड्राइड दोन धातूंच्या मधे होता, आणि हे पुन्हा न्यूट्रॉनांनी सिद्ध केलं. २००९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात थॉमस राउशफस यांच्या गटानं गंधकानं जोडलेल्या निकेल-लोह जोडीवर हायड्राइड बसवला. २०१३ मध्ये ओगो यांनीही महागड्या रुथेनियमच्या जागी लोह आणलं. गंमत म्हणजे त्या रेणूत हायड्राइड मधे न बसता फक्त लोहावर बसला. त्याच दोन धातूंनी, वेगळ्या शेजाऱ्यांमुळे, हायड्राइडला वेगळी जागा दिली.

तिसरी तऱ्हा आणखी विचार करायला लावणारी. मिनेसोटा विद्यापीठात कॉनी लू यांच्या गटानं निकेलच्या खाली गॅलियमचा अणू बसवला. गॅलियम हायड्रोजनला हात लावत नाही. तो पाठीमागून निकेलचे इलेक्ट्रॉन किंचित आपल्याकडे ओढतो. गॅलियमविना, तशाच चौकटीतलं निकेल हायड्रोजनकडे लक्षही देत नाही. गॅलियम पाठीशी आला की तेच निकेल हायड्रोजनला टेकू देतं, आणि २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की पुढे त्यातून तयार होणारा निकेलचा हायड्राइड कार्बन डायऑक्साइडला देऊन फॉर्मेट बनवता येतो.

तिन्ही जोड्या एकेक करून मनासमोर आणा. पहिल्या जोडीत अनेक धातू मिळून हायड्रोजन वागवतात. दुसरीत दोन धातू त्याला दोन बाजूंनी धरतात. तिसरीत एकच धरतो, आणि दुसरा धरणाऱ्याला पाठबळ देतो. साथ देणं म्हणजे प्रत्येक वेळी सारखाच भार उचलणं, असं इथे दिसत नाही. जोडीदार वेगळा असला की घेणं आणि देणं दोघांत वेगवेगळं वाटलं जातं. विषम वाटणीसाठी विषम शेजार लागतो.

सोडणं

आता मननाचा सगळ्यांत अवघड भाग. धरण्याबद्दल आपण बरंच बोललो. उत्प्रेरकाची खरी कसोटी त्यापुढे आहे.

फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबातिए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारीक निकेलवर हायड्रोजन खेळवला. १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. वनस्पती तुपाचे कारखाने त्याच निकेलवर उभे राहिले. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं तत्त्व असं: उत्प्रेरकानं रेणूला धरावं, पण फार घट्ट नाही आणि फार सैलही नाही. सैल धरलं तर रेणू न बदलता निसटतो. घट्ट धरलं तर बदललेला रेणू निघतच नाही. जागा अडते आणि पुढचा रेणू दारातच ताटकळतो.

याची एक लखलखीत साक्ष हायड्रोफॉर्मिलेशनमध्ये मिळते. १९३८ मध्ये ओबरहाउझेनच्या रूरखेमी कंपनीत ओटो रोलेन यांनी ही अभिक्रिया शोधली. अल्कीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन एकत्र येऊन अल्डिहाइड बनतं, आणि त्यापासून प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं आणि धुण्याच्या साबणांचा कच्चा माल. काम करतं ते कोबाल्टचं हायड्राइड, किंवा आजकाल बहुतेकदा ऱ्होडियमचं. कार्बन मोनॉक्साइड हा इथे कच्चा माल आहे. मग तो जितका जास्त तितका वेग जास्त, असं वाटेल. पण एका मर्यादेपुढे तो वाढवला की वेग घटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होडियमवर चालणाऱ्या या अभिक्रियेच्या वेगाचा बारकाईनं अभ्यास केला, आणि त्यातही हेच आढळलं. कारण सोपं आहे आणि खोलही: धातूभोवतीच्या सगळ्या जागा भरल्या की अल्कीनला टेकायला जागा उरत नाही. जो रेणू हवा आहे, त्याच्याच गर्दीनं काम मंदावतं.

म्हणून रिकामी जागा ही उत्प्रेरकाची उणीव नसून त्याचं भांडवल आहे. निकेल आणि लोह यांच्या मधली जागा प्रत्येक फेरीच्या शेवटी रिकामी होते. ती तशी झाली नाही, ऑक्सिजनच्या तुकड्यानं तिथे ठाण मांडलं, तर विकर झोपी जातं. बहुतेक हायड्रोजनेज हवेत अशीच निकामी होतात.

हे वाक्य मनात दोन-तीनदा फिरू द्या: धरल्याशिवाय बदल नाही, सोडल्याशिवाय पुढचा बदल नाही. दोन वेगळे धातू एकत्र आणण्याचा खरा लाभ इथे कळतो. एकट्या धातूच्या अंगी पकड असते ती असते. ती हवी तेवढीच ढिली करणं त्याच्या हाती नसतं. शेजारी दुसरा धातू आला की पकड दोघांत वाटली जाते, आणि एकानं सैल केलं तरी दुसरा सावरून घेतो.

माती

आता लक्ष खाली, जमिनीकडे न्या.

महाराष्ट्रातल्या ज्या गोठ्यामागे गोबरगॅसचा खड्डा आहे, तिथे शेणाच्या स्लरीत हवेविना जगणारे सूक्ष्मजीव आहेत. काही जण सेंद्रिय द्रव्य कुजवताना हायड्रोजन सोडतात. दुसरे, मिथेन बनवणारे, तो हायड्रोजन लगेच उचलतात आणि कार्बन डायऑक्साइडशी जोडतात. चुलीवर जळणाऱ्या मिथेनचा एक वाटा असा तयार होतो, आणि हायड्रोजन उचलण्याचं काम निकेल-लोहाची हायड्रोजनेज करतात. अनेक माणसांच्या जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरीसुद्धा हायड्रोजनवर ऊर्जा मिळवतो, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. आपल्या पेशींना जमत नाही ते आपल्याच पोटातल्या पाहुण्याला जमतं.

आणि मोकळी हवा? वातावरणातून जेवढा हायड्रोजन दरवर्षी कमी होतो, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग माती शोषून घेते. हे शोषणारे मुख्यतः जिवाणूच. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या रिस ग्रिंटर, अ‍ॅशली क्रॉप आणि ख्रिस ग्रीनिंग यांनी मातीतल्या एका मायकोबॅक्टेरियममधल्या ‘हक’ नावाच्या हायड्रोजनेजची रचना उलगडली. मधे तेच निकेल आणि लोह. पण आत जाणारे मार्ग इतके अरुंद, की हायड्रोजन सरकतो आणि ऑक्सिजन अडतो. म्हणून हे विकर हवेत बिघडत नाही, आणि हवेतल्या अगदी विरळ हायड्रोजनमधूनही ऊर्जा काढतं. अन्न संपल्यावर सुप्त पडून राहिलेला जिवाणू केवळ हवेवर तग धरतो.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. मातीतल्या जिवाणूकडे प्रचंड बळ नाही, भट्टीची उष्णता नाही. त्याच्याकडे नीट मांडलेला शेजार आहे.

पुढचं काम

हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन घटांत आज प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनम दुर्मीळ आहे. २००२ मध्ये ऑक्सफर्डमधल्या फ्रेझर आर्मस्ट्राँग यांच्या गटानं दाखवलं, की इलेक्ट्रोडवर बसवलेलं निकेल-लोहाचं हायड्रोजनेज हायड्रोजनच्या ऑक्सिडीकरणात प्लॅटिनमच्या तोडीस तोड उतरतं. म्हणजे स्वस्त, मुबलक धातूंनी हे काम होऊ शकतं, याचा पुरावा हाती आहे. पण विकर अवजड आहे. एवढ्याशा जागेत त्याचे फार थोडे रेणू मावतात, आणि ते नाजूकही आहे. प्रयोगशाळेत बांधलेल्या लहान जोड्या आटोपशीर आहेत, पण वेगात आणि टिकाऊपणात अजून मागे आहेत. या दोन मर्यादांच्या मधे जे काम उरलं आहे, ते धीराचं आहे. तिथे नवा धातू शोधण्यापेक्षा ओळखीच्या धातूंचा शेजार नीट मांडण्याला अधिक मोल आहे, आणि आपल्याकडच्या तरुण रसायनज्ञांनी त्यात मन घालावं असं मला मनापासून वाटतं.

उठण्याआधी एक सवय सोबत घ्या. यापुढे कुठल्याही उत्प्रेरकाबद्दल वाचाल किंवा ऐकाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. रेणूला कुणी धरलं? धरणाऱ्याच्या पाठीशी कोण होतं? आणि काम झाल्यावर जागा रिकामी कशी झाली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल. दुसऱ्यासाठी थोडं खणावं लागेल, कारण गॅलियमसारखे आधार देणारे चटकन नजरेत भरत नाहीत. तिसऱ्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. एकदा घडणारी अभिक्रिया आणि दिवसभर चालणारी अभिक्रिया यांतला फरक त्याच उत्तरानं ठरतो.